शिडावरचं डांबर

माझा भाऊ तीमेन गेला तेव्हा इथल्या पेपरात चार ओळी आल्या होत्या. चार ओळींत दोन चुका. वय एका वर्षाने कमी, आणि म्हणे पाडलेल्या घरांचे दगड, दारं, खिडक्या त्याने 'बंदरावरच्या प्रेमापोटी' गोळा केल्या. प्रेमापोटी! लिहिणारा भेटला असता तर चांगला फैलावर घेतला असता त्याला. पन्नास वर्षं माणूस कशापोटी दगड उचलतो ते मला विचारा ना. मला ठाऊक आहे, कारण त्यातला अर्धा वाटा माझा आहे.

आम्ही दोरवाल्यांच्या गल्लीतले. आता तिथे गाड्या उभ्या करतात. गल्लीत अठ्ठावीस घरं होती, आणि प्रत्येक दाराच्या डोक्यावर एकेक कोरीव दगड. घरांना नंबर फार पुढे आले, त्याआधी माणसं दगडावरूनच ओळखायची. देवमाशात राहणारी यित्स्के, तीन हेरिंग माशांवाले, बेकरीच्या भट्टीवाले. आमच्या दारावर जहाज होतं. एक शीड, वर झेंडा, खाली तीन लाटा, आणि लाटा पाहिल्यात तर हसाल, पावाच्या कापांसारख्या ओळीने मांडलेल्या.

समुद्रावर गेलेला माणूस परत आला नाही, की घरची बाई शिडी लावून चढायची आणि त्या दगडाला बोटीचं डांबर लावायची. जहाज असेल तर शिडाला, मासा असेल तर डोळ्याला. एकदाच, आणि आपल्याच हाताने. मग त्याला कोणी शिवायचं नाही. वारा आणि खारा पाऊस ते हळूहळू झिजवायचे. शेवटचा ठिपका गेला की म्हणायचं, पोचला. कुठे पोचला ते कोणी विचारत नसे. पाद्रीबुवांना हे अजिबात खपायचं नाही, पण पाद्री काय, येतात आणि बदलून जातात.

हे सगळं बायकांचं होतं बरं का. आई मुलीला सांगायची. मुलांना नाही सांगायची, कारण मुलांना पुढे समुद्रावर जायचं असायचं, त्यांच्या डोक्यात ते कशाला भरवा. त्यांना विचाराल तर दारावरचा डाग म्हणजे काजळी. तेव्हा घराघरात कोळसा जळायचा, त्यामुळे ते खोटंही वाटायचं नाही.

आमचा बाप लुबर्ट चोपन्न सालच्या नोव्हेंबरात कोळंबीच्या बोटीवर गेला, तो गेलाच. बोटीची एक फळी तेवढी मिळाली. मी सहा वर्षांची होते, तीमेन चारचा. तीमेन आत झोपला होता आणि आई शिडीवर होती. खाली शिडी धरून मी उभी. डांबराचा एक थेंब माझ्या मोज्यावर पडला. आई वरूनच म्हणाली, "रेन्स्के, हलू नकोस." बस्स. मी तिच्या तोंडून रडण्याचा आवाज म्हणून ऐकला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

माझी आई आफ्के दर शनिवारी पायरी घासायची. पायरी झाली की दारासमोरचा फुटपाथ, तो झाला की दाराचं पितळ. आमच्या पायरीवर वाढून जेवलं असतं तरी चाललं असतं. ब्रश चौकटीच्या वरच्या कडेपर्यंत जायचा आणि तिथे थांबायचा. त्याच्यावर कधी नाही.

आणि अशा बाईच्या दारावर बहात्तर साली नगरपालिकेने पाटी ठोकली, 'राहण्यास अयोग्य'. सगळ्या गल्लीलाच ठोकली होती, पण आईला वाटलं आपल्या एकटीलाच. दोन दिवस ती बाहेर पडली नाही. शनिवारी बादली घेऊन निघाली, पायरी घासली, पितळ घासलं आणि ती पाटीही घासून लख्ख केली.

तीमेन तेव्हा बावीस वर्षांचा, आणि कामाला कुठे, तर पाडकामाच्या टोळीत. आईने त्याला समुद्रावर जाऊ दिलं नव्हतं, मग काय करणार बिचारा. गावभर घरं पाडत पाडत टोळी आमच्या गल्लीशी आली. फोरमनला सांगून त्याने आधी आमचा दगड उतरवून घेतला. आई नव्या फ्लॅटमध्ये गेली होती, चौथा मजला, खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी. आईचा वाढदिवस दहा दिवसांवर होता. दगड भेट द्यायचा असं त्याच्या मनात आलं. मनाने फार साधा होता तो, लहानपणापासून.

आता माझं ऐका. एव्हर्ट, बेकरीतला, माझा नवरा, तेव्हा तो नवरा झाला नव्हता. चार वर्षं आम्ही थांबलो होतो. लग्नाचा विषय काढला की आई म्हणायची, "शिडावरचं जाऊ दे, मग चर्चमध्ये जा." घरात दुखवटा होता ना. अठरा वर्षांचा दुखवटा! काळे मोजे, नाचायला जायचं नाही, गाणं वाजवायचं नाही. रोज सकाळी दुकानात जाताना मी मान वर करून बघायची. शीड बहुतेक मोकळं झालं होतं, पण झेंड्याखाली अंगठ्याच्या नखाएवढा एक ठिपका होता, तो हलायला तयार नाही. मी त्या ठिपक्याला शिव्या द्यायची. बापाची आठवण नव्हतीच मला फारशी, खोटं कशाला बोलू.

तीमेनने दगड जुन्या घराच्या परसात सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर ठेवला होता. बाह्या सरसावून साबण-ब्रश घेऊन बसला होता. मला बघून म्हणाला, "बघ गं, कसा निघतोय! आईला ओळखू येणार नाही. हा एवढा काजळीचा डाग तेवढा निघत नाहीये."

मी तिथे उभी होते. तोंड उघडायला काय लागलं असतं? एक वाक्य. पण मी फळीवरची टर्पेंटाइनची बाटली काढली आणि त्याच्या हातात दिली. वर म्हणाले, "नीट पूस. कोपऱ्यात राहील."

त्याने नीट पुसला. मग रंग दिला, शीड पांढरं, लाटा निळ्या, झेंडा लाल. दगड इतका सुंदर दिसायला लागला की मलाच क्षणभर वाटलं, बरं झालं.

वाढदिवसाला सगळे आले. आमच्यात खुर्च्या गोल मांडतात, आणि येणारा प्रत्येक जण बसलेल्या प्रत्येकाचं अभिनंदन करतो. "तुझ्या आईबद्दल अभिनंदन." "तुझ्या शेजारणीबद्दल अभिनंदन." गल्लीतल्या सगळ्या बाया होत्या. कॉफी झाली, केक झाला. तीमेनने मधोमध टेबलावर ठेवलेल्या दगडावरचं कापड ओढलं. कान लाल झाले होते त्याचे आनंदाने.

देवमाशातल्या यित्स्केने कप बशीत ठेवला तेवढा आवाज झाला.

आई उठली आणि दगडाजवळ गेली. शिडावर, झेंड्याच्या खाली, बोट ठेवलं.

"टर्पेंटाइन लावलंस?"

"हो. मग काय! साबणाने निघत नव्हतं."

"पोचायला थोडंच उरलं होतं त्याला," आई म्हणाली.

"कोणाला?" तीमेनने विचारलं. गोलात नजर फिरवली, मग माझ्याकडे पाहिलं. मी कप गोळा करायला लागले होते. बाटली कोणी दिली हे तो सांगू शकत होता. नाही सांगितलं. त्याला वाटलं, मलाही त्याच्यासारखंच काही ठाऊक नव्हतं, उगाच बहिणीला कशाला गोवायचं.

यित्स्केने त्याला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लावून सगळं सांगितलं. बाहेर आला तेव्हा चेहऱ्यावर रक्त नव्हतं पोराच्या. आईने सगळ्यांना दुसरी कॉफी ओतली.

दुसऱ्या दिवशी तो डांबराचा डबा घेऊन आला. "आई, मी परत लावतो. होता तेवढाच लावतो."

"एकदाच लावतात," आई म्हणाली. "आणि बाई लावते."

ती ओरडली असती, चार थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने दगड कपाटामागे ठेवला, तोंड भिंतीकडे करून, आणि एकोणनव्वद साली मरेपर्यंत त्याचं नाव काढलं नाही. माझ्या लग्नाला मात्र लगेच हो म्हणाली. "आता काय," म्हणाली, "गेलंच आहे." काळे कपडे घालून पहिल्या रांगेत बसली. मी मला हवं ते मिळवलं. एव्हर्ट चांगला निघाला, संसार सुखाचा झाला, हेही सांगून टाकते.

तीमेनने पाडकामाची नोकरी सोडली आणि नगरपालिकेच्या गोदामात लागला. जाळी ठेवायची जुनी वखार होती बंदरावर, ती त्याने मागून घेतली. गावात कुठे पाडकाम निघालं की आदल्या दिवशी हा शिडी घेऊन हजर. दारावरचे दगड, दारांच्या वरच्या नक्षीच्या काचा, भिंती बांधून ठेवणारे आणि घराचं साल दाखवणारे लोखंडी आकडे, पितळी कड्या, जहाजांची चित्रं असलेल्या फरशा. वखार भरत गेली. एका दाराला तर कुत्र्याने खरवडलेल्या खुणा होत्या, तेही ठेवलं होतं त्याने तसंच.

तिथे एकच नियम होता, पाणी लावायचं नाही. फडकंसुद्धा नाही. आमच्या गावात माणसं फुटपाथ धुतात, कचऱ्याचे डबे धुतात, आणि हा बाबा काजळीसकट, शेवाळासकट, पाखरांच्या विष्ठेसकट सगळं जपून ठेवतो! लोक त्याला घाणेरडा तीमेन म्हणायचे. तो हसायचा. "बरोबर आहे," म्हणायचा, "एकदा स्वच्छ होतो, ते महागात पडलं." लोकांना वाटायचं विनोद करतोय.

प्रत्येक दगडाच्या पाठीवर तो सुताराच्या पेन्सिलीने लिहायचा, गल्ली, घर, आणि डांबर असेल तर कोणाच्या हातचं. त्यासाठी गावातल्या म्हाताऱ्या बायांच्या घरी जाऊन बसायचा. ज्या गोष्टी त्यांनी आपल्या मुलांना सांगितल्या नाहीत त्या ह्याला सांगितल्या. लग्नबिग्न केलं नाही. मी मुली सुचवायची, तर म्हणायचा, "तू तुझा पाव भाज." आई गेल्यावर आमचा दगडही त्याने वखारीत नेला. तिथेही तोंड भिंतीकडेच, आणि पाठ कोरी.

दर शनिवारी साडेदहाला तो माझ्याकडे कॉफीला यायचा. कॉफीबरोबर एक बिस्किट, मग डबा बंद. "कंजूष," तो म्हणायचा. "पोट बघ," मी म्हणायची. एव्हर्ट गेल्यानंतर नऊ वर्षं तर मला तेवढीच सोबत होती. दर शनिवारी वाटायचं, आज सांगू. मूग गिळून बसायची. एकदा टळलं की सांगणं आणखी अवघड होतं, आणि मग ते आपलं टळतच जातं.

गेल्या वसंतात नगरपालिकेच्या मनात आलं, धक्क्याजवळ एक भिंत बांधायची आणि तीमेनचे सगळे दगड तिच्यात बसवायचे. मार्लूस नावाची एक मुलगी या कामावर होती. मुलगी म्हणजे चाळिशीची, पण मला सगळ्या मुलीच. मनाने चांगली, पण तिचं म्हणणं, आधी दगड स्वच्छ करू, मूळ रंगात रंगवू. तीमेन नाही म्हणाला. शेवटी सभा ठेवली. मी मागे बसले होते.

त्याला बोलायला उभं केलं. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, एकुलता एक सूट घातलेला, टोपी हातात फिरवतोय. आम्ही वाट बघतोय.

"धुऊ नका," तो म्हणाला.

"का, ते सांगाल का?" अध्यक्षांनी विचारलं.

"मी एकदा धुतला होता." टोपी आणखी दोनदा फिरली. "एवढंच."

आणि खाली बसला. पुढे कोणी वाद घातला नाही. धुणार नाही असं ठरलं. बाहेर पडताना मार्लूसने विचारलं, "म्हणजे एकूण एकेचाळीस ना, तुमच्या घरचा धरून?"

"चाळीस," तीमेन म्हणाला. "आमचा नाही लावायचा. तो मी खराब केलाय."

मी तिथेच उभी होते, कोटाची बटणं लावत. बावन्न वर्षं! आईबापाच्या दाराचा दगड भिंतीबाहेर राहणार, का, तर ह्याच्या हाताला पाप लागलंय म्हणून. आणि ते पाप अर्धं माझं, खरं तर अर्ध्याहून जास्त. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

शनिवारी तो आला. कॉफी ओतली, आणि बसायच्या आत बोलून टाकलं, नाहीतर पुन्हा राहिलं असतं.

"तीमेन, मला ठाऊक होतं. तो डाग कसला होता ते. शिडी मीच धरली होती."

त्याने कप उचलला होता, तो खाली ठेवला.

"बाटली देताना ठाऊक होतं?"

"हो."

"पुसू नको म्हणाली नाहीस."

"पूस म्हणाले. मला लग्न करायचं होतं."

तो खिडकीकडे बघत राहिला. मी म्हणाले, ओरड ना माझ्यावर. काहीतरी बोल. अगदी आईवर गेला होता. कॉफी तशीच टाकून उठला, टोपी घातली, दार हळूच लावून गेला. बिस्किटांचा डबा उघडायचाच राहिला होता.

पुढच्या शनिवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी साडेदहाला दोन कप मांडायची आणि अकराला एक उचलून ठेवायची. वखारीत दोनदा गेले. पहिल्यांदा तो शिडीवर होता, वरूनच म्हणाला, "काम आहे." दुसऱ्यांदा दाराला आतून कडी. सहावा शनिवार त्याच्यासाठी आलाच नाही. गुरुवारी दुपारी मार्लूसला तो वखारीत खुर्चीवर बसलेला सापडला. डॉक्टर म्हणाले हृदय.

गेला तो माझ्याशी न बोलताच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चर्चमध्ये लोक हात हातात घेत होते, तुमचा भाऊ किती भला माणूस होता म्हणत होते, आणि मला एकच सुचत होतं, तो अबोला धरून गेला, आणि बरोबर केलं त्याने.

तीन आठवड्यांनी मार्लूसचा फोन आला. गवंडी भिंतीत दगड बसवायला लागला होता. "तुम्ही येऊन जाल का? तीमेननी यादी बदललीय. चाळीसचे एकेचाळीस केलेत. आणि त्या एकेचाळिसाव्याच्या पाठीवर जे लिहिलंय ते बसवण्याआधी तुम्ही बघावं असं मला वाटतं. एकदा बसवला की पाठ कायमची आत जाईल."

धक्क्यावर गेले. गवंडी डबा खायला बसला होता. आमचा दगड फळीवर पालथा घातला होता. चष्मा पुसून वाकले. पेन्सिल ताजी होती, त्याचं ते शाळकरी अक्षर.

'दोरवाल्यांची गल्ली, जहाज. डांबर आफ्केच्या हातचं, १९५४. पुसणारा तीमेन, वय २२. टर्पेंटाइन देणारी रेन्स्के, वय २४.'

मी मार्लूसला विचारलं, "बाकीच्या दगडांवर वय लिहिलंय का त्याने?"

"नाही. मी सगळे उतरवून घेतलेत. वय कुठेच नाही."

चोवीस. चोवीस म्हणजे काय वय असतं हो? माझी नात चोवीसची आहे, तिला अंडं उकडता येत नाही. ते वय लिहायला त्याला किती दिवस लागले असतील, आणि मी बाहेर कडी वाजवत होते. मग मात्र मला राहवेना. गवंड्याच्या समोर, भर दुपारी, ढसाढसा रडले. त्याने बिचाऱ्याने डबा बाजूला ठेवून मला बसायला बादली उलटी करून दिली.

"पुसून टाकू का ते?" मार्लूसने हळूच विचारलं. "कोणाला दिसणार नाही म्हणा."

"खबरदार!" मी म्हणाले. "पुसायचं नाही. आणि हा खालच्या ओळीत लावा. मला हात पोचला पाहिजे."

चुना सुकल्यावर मी बोटी दुरुस्त करणाऱ्यांकडून वाटीभर डांबर मागून आणलं. मार्लूस बरोबर होती. मी ब्रश बुडवल्यावर ती म्हणाली, "पण तुम्हीच सांगितलं होतंत ना, हे समुद्रावर गेलेल्यांसाठी असतं? तीमेन तर खुर्चीत..."

"बरं मग? नियम ठाऊक असलेल्या सगळ्या बाया मेल्या. घरची बाई आता मीच."

आणि लावलं. सगळं शीड, त्याने रंगवलेलं ते पांढरं, काळं केलं. थोडं झेंड्यावर गेलं. सत्तर वर्षांपूर्वीचा वास आला, मोज्यावर थेंब पडला होता तोच. थेंब या वेळी बुटावर पडला.

बापाच्या वेळी अठरा वर्षं झाली होती आणि तरी नखाएवढं राहिलं होतं. मी शहात्तरची आहे. हिशोब तुम्हीच करा, मी करत नाही. शनिवारी सकाळी बादली घेऊन जाते आणि भिंतीखालची फरशी घासते, गावाला वाटतं म्हातारीला वेड लागलंय. ब्रश पहिल्या ओळीच्या खालीच थांबतो. मार्लूसला बजावून ठेवलंय, माझ्यामागे कोणी फडकं घेऊन हा डाग पुसायला आलं, तर त्याचा हात धर आणि सांग, थांब बाबा, अजून पोचायचाय तो.